खिंडीतली आरोळी

फार जुन्या काळची ही गोष्ट. राज्यांची नावं लोक विसरले, पण दोन राज्यांच्या मध्ये एक उजाड पठार होतं, एवढं अजून सांगतात. पठारावर पाण्याचा थेंब नव्हता. झरे होते ते सगळे पलीकडच्या राज्याच्या उतारावर. पठाराच्या त्या टोकाला एक अरुंद खिंड होती, आणि तिथे एकदा मोठी लढाई झाली.

लढाई अलीकडच्या राजाने जिंकली. कशी जिंकली, हे राज्यातलं शेंबडं पोरही सांगे. आपल्या पायदळाने अशी आरोळी ठोकली, की शत्रू समोरून पाठ फिरवून पळाला. दरवर्षी त्या दिवशी गावोगाव आरोळीचा उत्सव होई. नव्या शिपायाच्या हाती भाला देण्याआधी त्याला ओरडायला शिकवत.

सिदोजी नावाच्या एका म्हाताऱ्या शिपायाला या सगळ्याचं मोठं नवल वाटे. त्या दिवशी तो पहिल्या रांगेत उभा होता. आणि त्याला पक्कं आठवत होतं, की कोणीही ओरडलं नव्हतं.

आदल्या दिवशी दोन्हीकडची माणसं एकमेकांना भिडली होती. लढाई म्हणजे काय, हे सिदोजीला तेव्हा कळलं. ना राजा दिसला, ना निशाण. दिसली ती धूळ, आणि पुढच्या माणसाच्या टाचा. घामाने भाल्याची काठी हातातून निसटत होती. शेजारी त्याच्याच गावचा गडी होता. काहीतरी बोलता बोलता तो खाली बसला आणि परत उठलाच नाही. काय सांगत होता, ते राहूनच गेलं.

दुसऱ्या सकाळी शत्रूची रांग पुन्हा चालून आली. डोळ्यांतले भाव दिसावेत इतकी जवळ आली, थांबली, आणि परत गेली.

का गेली? सिदोजीने अनेकांना विचारून पाहिलं. बायको म्हणाली, जिवंत आलात ना, मग कशाला कीस काढता. नायकाने तर उत्सवाच्या तोंडावर असलं काही बोलू नकोस म्हणून दम दिला. सिदोजी गप्प बसला. प्रश्न काही गप्प बसेना.

पुढे जुना राजा वारला आणि त्याचा तरुण मुलगा गादीवर आला. झऱ्याकाठची गावं जिंकायची, असं त्याने ठरवलं. सिदोजीच्या जावयाला पहिल्या रांगेत जागा मिळाली. रोज सराव करून तो घसा बसवून घरी येई. त्याच्याकडे पाहताना सिदोजीच्या मनात येई, तेव्हा ते ज्या कारणाने परत गेले, ते कारण या खेपेला नसलं तर?

दोन्ही राज्यांत अजून येणं-जाणं होतं. पलीकडे मेंढ्यांचा बाजार भरला, तेव्हा सिदोजी पठार ओलांडून गेला. खिंडीत लढलेलं कोणी आहे का, असं विचारत फिरला. काहींनी संशयाने पाहिलं. शेवटी एका म्हातारीने बिरू नावाच्या लंगड्या मेंढपाळाकडे बोट दाखवलं.

बिरूने त्याला निरखून पाहिलं आणि आपल्या घोंगडीवर बसायला जागा दिली.

सिदोजीने विचारलं, "त्या सकाळी तुम्ही परत का फिरलात?"

"तुम्ही ओरडला नाहीत म्हणून," बिरू म्हणाला. "आमच्या नायकाला वाटलं, एवढी शांत माणसं म्हणजे मागे दगडांआड फौज दडवलेली असणार. तुम्ही का नाही ओरडलात?"

"ओरडणार कशाने? पखाली रिकाम्या होत्या. जीभ टाळूला चिकटली होती."

"मला दिसलं होतं ते. तुमच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. पण रांगेतल्या माणसाला विचारतो कोण? नंतर नायकाला सांगितलं, तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. आता तुमची फौज आली, तर आम्ही नुसते बसून राहू, पाहुणे. पाणी आमच्या बाजूला आहे."

मग दोघं बराच वेळ बोलले. बिरूचा भाऊ पहिल्या दिवशी पडला होता. तो कोणाच्या भाल्याने पडला, हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

सिदोजी परतला तो थेट राजवाड्यात गेला आणि बिरूकडून कळलेलं सगळं सांगितलं. सेनापती हसला. राजा हसला नाही. त्याने म्हाताऱ्याला जवळ बोलावलं.

"आरोळी नव्हती, मग माझे वडील जिंकले कशाने?"

"तहानेने, महाराज. आणि तीच तहान आता आपल्याला हरवेल."

राजा विचारात पडला. पण नगारे वाजले होते, गावोगावची माणसं निघाली होती. शब्द मागे घेणं त्याच्या जिवावर आलं. फौज निघाली.

खिंडीत पोचताच पायदळाने आरोळी ठोकली. डोंगर घुमले. समोरची माणसं मात्र दगडांच्या सावलीला बसून राहिली. पुन्हा आरोळी झाली, पुन्हा झाली. ऊन चढलं, पखाली संपल्या, आवाज चिरकू लागले आणि मग थांबले. राजाने घोड्यावरून उतरून पहिली रांग जवळून पाहिली. एकेकाच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. आता पुढे जायचा हुकूम देणं म्हणजे काय, हे त्याला कळलं.

त्याने फौज माघारी वळवली. शत्रू मागे लागला नाही. त्यांनाही आपली माणसं घरी न्यायची होती. तरी वाटेत काही जण उन्हाने पडले ते कायमचेच. सिदोजीचा जावई सोबत्याच्या खांद्यावर हात टाकून घरी पोचला. लेकीने त्याला घोट घोट पाणी पाजलं, आणि सिदोजी दाराशी बसून ते पाहत राहिला.

राजाने आरोळीचा उत्सव बंद केला. त्यानंतर मोहीम ठरवायच्या आधी तो पहिल्या रांगेत लढलेल्या म्हाताऱ्यांना बोलावून घेई आणि सेनापतीच्या आधी त्यांचं ऐके. पुष्कळदा त्यांचं ऐकून झाल्यावर मोहीमच निघत नसे.

तात्पर्य: आपण कशामुळे जिंकलो, हे जो विचारत नाही, त्याचा विजयच त्याला पुढच्या पराभवाकडे घेऊन जातो.