ठिपकीचा डोंगर कुणी नेला?

एक होतं गाव. वाटीसारखं. चारी बाजूंना डोंगर, मध्ये गाव. पाऊस थोडा, माती फार.

डोंगराच्या पायथ्याशी, वाळक्या गवतात राहायची एक लावरी. एवढासा पक्षी! तिचं पिल्लू तर बोराएवढं. अंगभर ठिपके, म्हणून नाव ठिपकी.

थंडीचे दिवस होते. सकाळी सकाळी ठिपकी गावात आली. तुरुतुरु तुरुतुरु. आईने सांगितलं होतं, "परत येताना आपल्या डोंगराकडे तोंड कर. चोचीसमोर चाल. घर येईल."

ठिपकीने दाणे टिपले. टिप टिप टिप. मान वर केली.

अरेच्चा! डोंगर नाही!

इकडे भुरकं, तिकडे भुरकं. डोंगर कुणी नेला? ठिपकीला काही कळेना.

समोर मोठं, काळं काहीतरी दिसलं.

"तू माझा डोंगर का?"

"मी म्हैस गं बाई! डोंगराला शेपूट असतं का?"

ठिपकी आणखीच गोंधळली.

वाटीत दूध साचावं, तसा गावात धुरळा साचला होता. ठिपकी त्यालाच म्हणाली,

"धुरळ्या रे धुरळ्या, हट ना!
डोंगर दिसेना.
मी घरी कशी जाऊ?"

धुरळा म्हणाला, "मी नाही हटणार. आधी वाऱ्याला सुटू दे."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. वारा बाभळीखाली पडून होता.

"वाऱ्या रे वाऱ्या, सुट ना!
धुरळा हटेना,
डोंगर दिसेना.
मी घरी कशी जाऊ?"

वारा म्हणाला, "मी नाही सुटणार. भुई गारठलीय. भुई तापते, हवा वर जाते, मगच मी सुटतो. आधी भुईला तापू दे."

भुई? ती तर पायाखालीच होती! ठिपकीने पाय आपटले. थप थप थप.

"भुई गं भुई, ताप ना!
वारा सुटेना,
धुरळा हटेना,
डोंगर दिसेना.
मी घरी कशी जाऊ?"

भुई म्हणाली, "मी नाही तापणार. पाठीवर ऊन कुठंय? आधी उन्हाला पडू दे."

ठिपकी भिंतीवर चढली. टुणुक टुणुक. मान उंच केली.

"उन्हा रे उन्हा, पड ना!
भुई तापेना,
वारा सुटेना,
धुरळा हटेना,
डोंगर दिसेना.
मी घरी कशी जाऊ?"

ऊन म्हणालं, "मी नाही पडणार. खाली धूरच धूर! वाट कुठंय? आधी शेकोटीला विझू दे."

खाली दारोदारी शेकोट्या होत्या. एक तर भिंतीलगतच्याच अंगणात. तडतड तडतड.

"शेकोटी गं शेकोटी, विझ ना!
ऊन पडेना,
भुई तापेना,
वारा सुटेना,
धुरळा हटेना,
डोंगर दिसेना.
मी घरी कशी जाऊ?"

शेकोटी म्हणाली, "मी नाही विझणार. हौसाकाकू पाचोळा घालते, मी खाते. आधी काकूला थांबू दे."

हौसाकाकू शेजारीच हात शेकत बसली होती. अंगण झाडायचं आणि झाडलेला पाचोळा पेटवायचा, हा तिचा रोजचा नेम.

"काकू गं काकू, थांब ना!
शेकोटी विझेना,
ऊन पडेना,
भुई तापेना,
वारा सुटेना,
धुरळा हटेना,
डोंगर दिसेना.
मी घरी कशी जाऊ?"

काकू म्हणाली, "मी नाही थांबणार. केवढी थंडी! ऊन तरी आहे का? आधी उन्हाला पडू दे."

"पण उन्हाकडे तर मी जाऊन आले!" ठिपकीचं डोकं गरगरलं. ती मातीत बसली. मटकन. आणि रडू लागली.

"अगं, अगं! रडू नको," काकू म्हणाली. "थांब, मला नीट बघू दे. ऊन नाही, म्हणून मी शेकते. आणि मी शेकते, म्हणून ऊन नाही?"

"मला नाही कळत," ठिपकी म्हणाली.

"मलाही आत्ताच कळलं गं बाई!"

काकूने घोंगडी पांघरली. बादली उचलली. चर्रर्र! मग ती गल्लीत ओरडली, "अगं ए रखमे! अहो दगडूभावजी! विझवा त्या शेकोट्या! पाचोळा खड्ड्यात टाका!"

"थंडी वाजेल की, वहिनी!"

"घोंगडी घ्या! पोरीला घरी जायचंय!"

चर्र! चर्र! चर्र!

शेकोट्या विझल्या.
ऊन पडलं. लख्ख!
भुई तापली. ऊब ऊब!
वारा सुटला. सूं सूं सूं!
धुरळा हटला. भुर्रर्र! खिंडीतून पार गेला.
आणि डोंगर दिसला!

"माझा डोंगर!" ठिपकीने चोच वळवली. तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु, थेट गवतात.

"कुठे होतीस गं एवढा वेळ?" आईने विचारलं.

"आई, डोंगर हरवला होता!"

"डोंगर कधी हरवतो का?"

ठिपकी विचारात पडली. "मग... मी हरवले होते का?"

आईने तिला पंखाखाली घेतलं. घट्ट.

वारा गेला माळावरून, गोष्ट गेली कानावरून.