बांगड्यांची साक्ष

मनावरचा ताण ऐकून घ्यायला समुपदेशक नेमा, असा अर्ज इचलकरंजीच्या एका शिलाई कारखान्यातल्या बायकांतर्फे शेवंताबाईंनी दिला. मालक जयसिंगरावांच्या नाकावर राग. भर शेडमध्ये येऊन ते गरजले, "कुणाला ताण आहे? हात वर करा!"

एकही हात हलला नाही.

"बघा! माझ्याकडं सगळ्या सुखात आहेत."

शेवंताबाई कसल्या बधतात! "मालक, आता डोळे मिटून विचारा."

हसत हसत मालकांनी डोळे मिटले, पुन्हा विचारलं, आणि शेडभर बांगड्या किणकिणल्या. डोळे उघडले, तर सगळे हात मशिनवर.

"कोण कोण होत्या? नावं सांगा!"

"नावं न विचारता ऐकणारं माणूस," शेवंताबाई म्हणाल्या, "तेच तर मागतोय आम्ही."