शेवंतीचं माहेर

एक होती राणी हौसाबाई. राजा पण होता, पण तो आपला मुकाट जेवायचा आणि मुकाट झोपायचा, त्याचं या गोष्टीत काही काम नाही. चिंगे, पाय आत घे, मग पुढचं सांगते.

तर राणीच्या गावाला एक नदी होती. तिचं नाव शेवंती. त्या गावची रीत अशी, की नदी म्हणजे गावची सून. थंडी पडली की ती आटायची. लोक म्हणायचे, गेली माहेरी. चैत्र आला की भरभरून परत यायची. मग राणी सासू म्हणून घाटावर जायची आणि खणानारळानं तिची ओटी भरायची.

एका वर्षी काय झालं, शेवंती आली ती अगदी बारीक होऊन आली. घोट्याएवढं पाणी. राणीचं डोकं फिरलं. राजवाड्यात तीन हौद होते, तिन्ही भरायला हवेत ना! मग तिनं भर घाटावर, सगळ्या बायकांदेखत, कमरेवर हात ठेवून विचारलं, "एवढंच? माहेर भिकेला लागलं वाटतं तुझं!"

बघा बरं. सुनेला एक वेळ काहीही बोलावं, पण तिचं माहेर काढू नये. कोणी विसरत नाही ते. मीसुद्धा विसरलेली नाही, पण ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी बायका घागरी घेऊन घाटावर गेल्या, तर नदीच नाही! नुसते गोटे! मासे तडफडतायत! बायकांनी घागरी तिथंच टाकल्या आणि बोंब ठोकली. आठ दिवसांत विहिरी आटल्या. राणीची सून बाळंतीण होती. तिलाच प्यायला पाणी नाही, तर दूध कुठून येणार? एवढंसं बाळ, रडून रडून त्याचा आवाज बसला. राणी हबकलीच.

मग तिनं शेवंतीला परत आणायला सेनापतीला तिच्या माहेरी, वर हिमाच्या डोंगरात पाठवलं. तो निघाला ढोल-नगारे घेऊन. त्या डोंगराखाली एक राखणदार बसलेला. तो म्हणाला, "चालत जा, आवाज करू नका, वर काही टाकू नका." सेनापती कसला ऐकतोय! वर जाऊन नगारा बडवला. त्याबरोबर धडाडधूम! अख्खा कडाच्या कडा खाली आला, पांढराफेक बर्फाचा! सेनापती वाचला, पण बोलती बंद. काय झालं विचारलं की नुसता कानांवर हात ठेवायचा.

मग प्रधान गेला. शंभर नारळ घेऊन. वर एक मोठं तळं होतं. त्यानं पहिला नारळ तळ्यात टाकला. बुडुक व्हायला हवं की नाही? तर टण्ण! पाणी दगडासारखं घट्ट! नारळ घरंगळत लांब गेला, एका दगडावर आपटला आणि परत त्याच्या पायाशी येऊन थांबला. प्रधान जो पळाला, बरं का, पगडी उचलायलाही थांबला नाही.

मग दरबार भरला. आता कोण जाणार? सगळे खाली बघायला लागले. तेवढ्यात ती बाळंतीण उठून उभी राहिली. म्हणाली, "आत्याबाई, बोललात तुम्ही. आणायलाही तुम्हीच जा."

भर दरबारात! सून सासूला! राणीचं तोंड लाल झालं. मग तिनं बाळाकडे बघितलं, खांद्यावर घोंगडी टाकली आणि गुपचूप निघाली.

सात दिवस चालली. टाचांना भेगा पडल्या. वर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं, तळ्यातलं बर्फ विरघळलं होतं. राणीनं समोर बघितलं आणि मटकन खालीच बसली. तळं निळं, म्हणजे किती निळं? मोराची मान असते ना, तसं. भोवती पांढरे डोंगर, आणि तेच डोंगर पाण्यात उलटे उभे. राणीला वाटलं, असलं माहेर, आणि मी त्याला भिकारी म्हणाले!

काठावर शेवंती बसली होती, पाण्यात पाय सोडून. उठली नाही, हसली नाही.

राणीनं विचारलं, "तुझी आई कुठंय गं?"

शेवंतीनं वर बोट केलं. कपारीत बर्फाचा एक ढीग होता. मळकट, वाकलेला, थेंब थेंब गळणारा.

"ही? एवढीशी?"

"आधी खूप मोठी होती. तुम्ही बसलाय ना, तिथपर्यंत."

"मग बाकीची गेली कुठं?"

"तुमच्या हौदात."

आणि तेवढ्यात काय झालं! विहीणबाई आल्यात हे म्हातारीला कळलं. लेकीला रिकाम्या हातानं कशी पाठवायची? म्हणून ती बिचारी आणखी भराभर वितळायला लागली. धारा लागल्या नुसत्या!

"नको, नको!" राणी ओरडली. धडपडत, गुडघे फोडत वर धावली. खांद्यावरची घोंगडी तिनं म्हातारीच्या अंगावर टाकली आणि तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "पुरे हो विहीणबाई. खूप दिलंत. माझंच चुकलं." आणि राणी ढसाढसा रडली.

शेवंती उठली, पदर खोचला आणि गावाच्या वाटेला लागली.

गावात पाणी आलं. घोट्याएवढंच आलं, पण आलं. बाळंतीण प्यायली, बाळाला दूध मिळालं, बाळ शांत झोपलं. राणीनं दोन हौद बुजवून त्यात वांगी लावली. सेनापती पुन्हा बोलायला लागला, पण हळू. दर चैत्रात गावच्या बायका पायी वर जायच्या आणि म्हातारीला पांघरूण घालून यायच्या. अशी शेवंती नांदली आणि तिच्या जिवावर सगळं गाव सुखानं नांदलं.

काय गं चिंगे? म्हातारी अजून आहे का?

आहे गं बाई. थोडीशी आहे. झोप आता.