कोंडीचा पान्हा

"मंत्र आहे की नाही, तेवढंच सांगा बाबा. बाकीचं मला शिकवू नका."

कुमुद पायरीवर उभी होती. एका हातात पिठाचं ताट, दुसरा हात कमरेवर.

खाली अंगणात मौलाबाबा. अंगातली हिरवी कफनी धुऊन धुऊन वाळल्या पाल्याच्या रंगाची झालेली. ओढ्याकाठच्या पिराची दिवाबत्ती करणारा हा फकीर तीस वर्षं रोज सकाळी या दारात यायचा, भाकरी घ्यायचा आणि जायचा.

"कशाचा मंत्र?"

"म्हशीचा. लोक सांगतात, तुम्ही कानात फुंकलं की अडलेलं जनावर पान्हा सोडतं."

बाबा ताटाकडं बघत राहिले.

...

"पीठ न्हाई घेत," ते म्हणाले.

"चार दिवस घेतलंत की!"

"चार दिवस घेटलं. पिराच्या मुंग्यास्नी घाटलं. मुंग्याबी आता कंटाळल्या."

कुमुदला हसू आलं नाही. तिला हसायला सवड नव्हती.

खडकओढ्याच्या या मळ्यात अठरा म्हशी. सतरा कुमुदच्या आणि एक सासूची, असं कुमुद स्वतःच म्हणायची. तिनं शिकून घेतलं होतं सगळं. धारा काढायची मशीन तिनं आणली, मुरवलेल्या चाऱ्याचा मुरघास तिनं सुरू केला, कुठल्या म्हशीला किती पेंड हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. तालुक्यातल्या बाया तिचा गोठा बघायला यायच्या, आणि ती त्यांना असं समजावून सांगायची, की त्या घरी जाताना आपल्या गोठ्याची लाज वाटून घेऊन जायच्या.

पण कोंडी कासेला मशीन लावू द्यायची नाही. कोंडी सासूची. बाळाक्कांची. रेडकू महिन्याचं होऊन मेलं, तेव्हापासून बाळाक्का धारेची कासंडी घेऊन खाली बसल्या तरच ती पान्हवायची.

सतरा दिवसांपूर्वी बाळाक्का गेल्या. जाताना शुद्धीवर होत्या. लेकाला काही सांगितलं नाही, लेकीला नाही. सुनेचा हात धरला आणि म्हणाल्या, "कोंडीला माझ्या दावणीवरनं सोडू नगं."

कुमुद म्हणाली, "नाही सोडणार."

मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द. तो काय पुसता येतो?

तेराव्यापर्यंत नणंद होती. रोज सकाळी आईच्या चुलीपुढं बसायची, उठून कोंडीची धार काढायची, आणि कोंडी द्यायची. नणंद सासरी गेली आणि कोंडी आटली. आटली म्हणजे दूध नाही असं नव्हे. कास तट्ट भरलेली, हात लावला की दगड. पण थेंब खाली येईना. डॉक्टरांनी एकदा सुई दिली, त्या वेळेपुरती उतरली. दुसऱ्यांदा ते नाही म्हणाले. रोज सुई टोचून म्हैस चालवायची नसते.

काल कुमुदनं जुनी युक्ती केली. ट्रंकेतलं सासूचं हिरवं लुगडं काढून नेसली, पदर तसाच घेतला, आक्का खोकायच्या तशी खोकलीसुद्धा. पुष्कळ ठिकाणी म्हशी अशा फसतात. कोंडीनं लुगडं हुंगलं, एक क्षण कान पुढं केले... आणि कासंडीला अशी लाथ मारली, की ती गव्हाणीपर्यंत घरंगळत गेली.

भावकीतली एक म्हातारी बघत होती. म्हणाली, "रक्त ओळखतंय गं जनावर. लेक ती लेक."

ते वाक्य कुमुदच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

आणि आज दुपारी कोंडीला न्यायला व्यापारी यायचा होता. नवरा, निवास, काल रात्रीच त्याच्याशी बोलून बसला होता. "कास सडली तर जिवानं जाईल. त्यापेक्षा दुसऱ्या दावणीला तरी जगेल." त्याचं चूक नव्हतं. म्हणूनच कुमुदला बोलता येईना.

"बाबा, दुपारपर्यंत वेळ आहे. मंत्र असेल तर टाका. नसेल तर नाही म्हणा, मी दुसरं बघते."

"मला भूक लागलीया, सूनबाई."

"काय?"

"भूक. भाकरी कर."

कुमुदच्या मस्तकात तिडीक गेली. "माझी म्हैस तिकडं कासेनं तडफडतीय आणि तुम्हाला भाकरी सुचतीय!"

"व्हय. तिला कास हाय, मला पोट हाय."

"चपाती देते. गरम आहे, वर तूप घालते."

"चपाती चालत न्हाई. तीन दात ऱ्हायल्यात. तिघांचंबी भाकरीवर एकमत हाय."

कुमुदनं हातातल्या पिठाकडं बघितलं.

भाकरी. साऱ्या जगात मागायला यांना तेवढंच सापडलं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी, पाहुण्यांची पंगत बसलेली असताना, बाळाक्कांनी तिची भाकरी टोपलीतून उचलली होती. कडा फाटलेली, फुगलेली नाही. सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली आणि म्हणाल्या, "ही खायची का पायात घालायची?" पंगत खदखदून हसली. कुमुद त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली होती, या घरात पुन्हा भाकरीच्या काठवटीला हात लावणार नाही. आणि अकरा वर्षं लावला नव्हता. आत गॅसवर तिचं राज्य. भाजी, आमटी, चपात्या, ताकाची कढी, सणाला बासुंदी, कुणी नाव ठेवून दाखवावं! आणि बाहेर गोठ्याला लागून असलेल्या पडवीत सासूची चूल. तिथून रोज पहाट फुटताना आवाज यायचा. थप्प. थप्प. थप्प. एवढ्या जोरात भाकरी कोण थापतं? कुमुद पांघरुणातच दात खायची. मला ऐकवायलाच थापतेय म्हातारी. रोज उठून तेच टोचणं.

"मला भाकरी येत नाही, बाबा," ती म्हणाली. असं वाक्य तिनं जन्मात कुणापुढं उच्चारलं नव्हतं.

"मला मंतर येत न्हाई," बाबा म्हणाले.

...

आणि ते सरळ पडवीत जाऊन चुलीशेजारी मांडी घालून बसले.

दारात आलेल्या भुकेल्याला घालवायचं नाही, हाही आक्कांचाच नियम. कुमुद ताट घेऊन मागोमाग गेली. चार दिवस चूल थंड होती. राखेत मांजर झोपलं होतं, ते उठवलं. काटक्या मोडल्या, शेणी लावल्या, फुंकता फुंकता डोळ्यांत पाणी आलं. धुराचं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

काठवट भिंतीला टेकवलेली. कडेला आक्कांच्या पिठाचा थर अजून सुकलेला. तिनं तो पुसला नाही. उकळतं पाणी पिठात घातलं, मळलं, गोळा केला. पाठ गोठ्याकडं. पाठीमागं हातभर भिंत, भिंतीत जाळी, जाळीपलीकडं कोंडीची दावण.

पहिली भाकरी उचलताना मोडली.

तिनं बाबांकडं बघितलं. बाबा छपराकडं बघत होते.

दुसरी घेतली. हलक्या हातानं, बोटांच्या टोकांनी, कुणाला ऐकू जाऊ नये अशी थापायला लागली.

"ही भाकरी थापतीयास का चोरी करतीयास?"

"थापतेय की!"

"मला ऐकू येईना."

"भाकरी खायची असते बाबा, ऐकायची नसते."

"आक्का थापायची तर पिराच्या ओट्यावर मला कळायचं. मग मी निघायचो. मी हितं पोचूस्तवर ती धार काढून उठलेली असायची." त्यांनी मान जरा तिरकी केली. "तीस वर्सं."

"मग तुम्हाला आवाज लागतो हे आधी का नाही सांगितलं?"

"काय सांगितलं मी?"

...

"थाप," बाबा म्हणाले. "जोरात. सगळा राग घाल त्यात. हाय न्हवं तुझ्याजवळ?"

होता. अकरा वर्षांचा होता. कुमुदनं तळहात उचलला आणि हाणला. थप्प. पंगतीतलं हसू. थप्प. लेक ती लेक. थप्प. मेलीस ती मेलीस, जाताना हात माझाच का धरलास? थप्प. थप्प. पीठ उडालं, काठवट हलली, भाकरी गोल व्हायचं सोडून भलतीकडंच पसरली. तिनं ती तशीच उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

आणि मागून आवाज आला.

टप.

तिला वाटलं, हातातलंच पाणी.

टप... टप.

पण हात पुढं होते, आवाज मागून.

तिनं हळूच मान वळवली. जाळीतून कोंडीचं तोंड दिसत होतं. कान भाकरीच्या दिशेनं लावलेले, डोळे अर्धे मिटलेले, आणि तोंड रवंथ करत होतं, चार दिवसांनी पहिल्यांदा. खाली फरशीवर, चारी सडांतून, कुणी हात न लावता, दूध गळत होतं.

कुमुदनं काठवटीकडं बघितलं.

म्हणजे रोज पहाटे...

ते मला नव्हतंच.

अकरा वर्षं ती पांघरुणात दात खात पडली होती, आणि पलीकडं एक म्हातारी आपल्या म्हशीला हाक मारत होती.

ती कासंडीकडं झेपावली. बाबांनी नुसता हात आडवा केला.

"भाकरी तव्यावर हाय."

"बाबा, दूध चाललंय!"

"ती थांबतीया. तव्यावरची थांबायची न्हाई."

कुमुद परत बसली. कशी बसली, तिचं तिलाच ठाऊक. कान मागं, हात पुढं. भाकरी उलटली. तवा उतरवून ती निखाऱ्यापुढं उभी केली. दोन्ही अंगांनी भाजली. फुगली नाही, एका बाजूला करपली. टोपलीत ठेवली.

बाबांनी हात मागं घेतला.

कोंडीजवळ ती तशीच गेली, पिठाच्या हातांनी, अंगावर साधा गाऊन आणि वर ओढणी. लुगडं नाही, खोकला नाही. कोंडीनं मान वळवली. तिचा हात हुंगला. मग खरबरीत जिभेनं, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतलं पीठ चाटून घेतलं. एक हात झाला. दुसऱ्याकडं तोंड नेलं.

"घे बाई," कुमुद म्हणाली.

ती खाली बसली. कासेला कपाळ टेकलं. सडाला हात घातला मात्र, कासंडीच्या तळावर धार वाजली. आधी खणखणीत, मग जड, मग फेसात बुडालेली. गोठ्यातल्या सतरा म्हशी, त्यांचे पट्टे, त्यांच्या मशीनचे पाइप, सगळं जागच्या जागी होतं. पण कुमुदला एवढाच आवाज ऐकू येत होता. शिकलेलं सगळं खरं होतं, आणि तरीही या गोठ्यात अकरा वर्षं तिच्या पाठीमागं काहीतरी चालू होतं, जे तिनं कधी मोजलंच नव्हतं.

निवास दारात येऊन उभा राहिला. हातात मोबाइल. कासंडीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं.

"अगं... हे कसं?"

"व्यापाऱ्याला फोन कर. येऊ नको म्हणावं."

"पण केलंस काय तू?"

"भाकरी," कुमुद म्हणाली.

निवासनं आणखी काही विचारलं नाही. शहाणा माणूस. फोन लावत बाहेर गेला.

ती पडवीत आली तेव्हा बाबा तीच भाकरी खात होते. करपलेली बाजू आधी. शेजारी मिठाचा खडा, फोडलेला कांदा. तिनं कासंडीतलं धारोष्ण दूध वाटीत ओतलं, त्यांच्यापुढं सरकवलं. थोडं सांडलं.

बाबांनी भाकरी कुस्करली, दुधात भिजवली, तीन दातांनी सावकाश खाल्ली. वाटी पुसून घेतली.

कुमुद समोर बसून होती.

...

"फुगली नाही, बाबा."

"न्हाई फुगली."

"आक्का असत्या तर हसल्या असत्या."

"हासली असती." त्यांनी जाळीकडं बघितलं. "आन् खाल्ली असती."

कुमुदनं पदर शोधला. ओढणी सापडली. तिनं तीच डोळ्यांना लावली आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बाबांनी पाय मागं घेतले, उरलेली चतकोर झोळीत टाकली, काठी उचलली आणि पायरी उतरले.

तिला एकदम धास्ती वाटली. ती अनवाणीच अंगणात धावली.

"बाबा, आज तुम्ही होता म्हणून झालं. उद्या मी काय करू?"

बाबा थांबले. मागं वळले नाहीत.

"का? उद्या मला भूक लागत न्हाई व्हय?"