फेट्याचं माप

जर्मनीतल्या गोस्लार या जुन्या शहराची सगळी पेठ आम्ही नातीच्या टोपीसाठी पालथी घातली. आजारपणात मुक्ताचे केस गेले होते. उघड्या डोक्यानं शाळेत जायला ती तयार नव्हती.

शेवटच्या ऐटबाज दुकानात प्रत्येक टोपी तिच्या नाकावर घसरली.

"एवढं लहान माप आम्ही ठेवत नाही," मालक म्हणाला. मग माझ्या फेट्याकडे बघून हसला. "आजोबांच्या या गुंडाळीचं माप काय?"

माझ्या मुलीनं, मुक्ताच्या आईनं, ओशाळून मला ते मराठीत सांगितलं.

मी फेटा सोडला, मधोमध फाडला. अर्धा मुक्ताला बांधला, अर्धा मला.

"त्याला सांग, समोर येईल ते डोकं, हेच याचं माप."

मालकानं आरसा खाली धरला. मुक्तानं स्वतःला न्याहाळलं.

"आबा, उद्या शाळेत हाच!"