लोणी, साय आणि विरजण

पाय धुतले का सगळ्यांनी? दार कुणी लावलं? वाटलंच मला. ऊठ गं कुमुद, कडी लाव आधी, नाहीतर आपली मनी पुन्हा शेजाऱ्यांच्या परसात जाऊन बसेल आणि मी कंदील घेऊन हिंडेन. लावलीस? ये आता पांघरुणात. आणि कुणी मधे बोलायचं नाही. मला गोष्ट विसरायला होते.

एकदा काय झालं, एक होता राजा. त्याचं नाव लिंबाजी. राज्य एवढंसं. या वेशीवर शिंकलं की त्या वेशीवरचा माणूस पडसं झालं का म्हणून विचारायचा. राजवाडाही बेताचाच. पुढचं दार उघडलं की समोर थेट बाजाराचा रस्ता, आणि रस्त्यावर दिवसभर बैलगाड्या.

राजाची एक मुलगी होती, बकुळी. आई नव्हती बिचारीला. वाड्यात एक पांढरी मांजर होती, कवडी नावाची. ती कवडी एकदा कुठे व्याली असेल? राजाच्या जरीच्या पगडीत. मग काय करणार? राजा महिनाभर बोडका फिरला. दरबारात कुणी विचारलं तर म्हणायचा, "पगडीत बाळंतीण आहे."

तीन पिल्लं झाली. एक पिवळसर, ते लोणी. एक पांढरी, ती साय. आणि एक अगदी चमचाभर, सगळ्यात शेवटी उरलेलं, ते विरजण. पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते, आणि एक दिवस कवडी पुढच्या दारातून बाहेर गेली. ती परत आलीच नाही. बकुळीने सगळा बाजार पालथा घातला. कवडी कुठे दिसली नाही.

मग बकुळीनेच पिल्लांना वाढवलं. कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं. मोठी झाल्यावर वाटी खाली ठेवायची आणि म्हणायची, "ये, ये, ये." की तिन्ही पिल्लं धडपडत हजर. पण पुढच्या दाराची तिला फार भीती बसली. त्या दाराने कवडीला नेलं, ते पिल्लांनाही नेईल, असं तिला वाटायचं. खरंच वाटायचं हो. हसू नका.

आणि पिल्लांना नेमकं तेच दार लागायचं. प्रधानजी कचेरीला निघायचे, दाराशी उभं राहून म्हणायचे, "येतो महाराज." दार उघडलं रे उघडलं की तीन बाण सुटायचे. लोणी पुढे, साय मागे, विरजण गडगडत शेवटी. मग प्रधान धावायचे, शिपाई धावायचे, राजा बोडका धावायचा. पुन्हा स्वयंपाकीण ठकूबाई भाजीला निघायची. "येते गं बकुळे," म्हणायची, दार उघडायची, की पुन्हा तेच. दिवसातून दहादा राज्यकारभार रस्त्यावर यायचा.

राजा म्हणाला, "यावर उपाय करायला हवा." राजेलोकांना उपाय फार सुचतात, बरं का. अक्कल मागून येते.

पहिला उपाय असा. दार वीतभरच उघडायचं. जाणाऱ्याने त्यातून अंग चोरून जायचं. दिवेलागण झाली की दार बंद. आता तुम्हाला माहीत आहे, दिवेलागणीला पुढचं दार बंद ठेवू नये. पण राजाला कोण सांगणार? तर दुसऱ्या दिवशी प्रधानजी म्हणाले, "येतो महाराज," आणि वीतभर फटीत शिरले. प्रधानजींचं पोट काही वीतभर नव्हतं. ते अडकले. अर्धे प्रधान वाड्यात, अर्धे बाजारात. मग पिल्लांनी काय करावं? लोणी त्यांच्या पाठीवरून, साय खांद्यावरून आणि विरजण टकलावरून घसरत बाहेर. प्रधानांना सोडवायला तेल आणि दोन पैलवान लागले.

मग दुसरा उपाय. राजाने दारात हत्ती उभा केला. हत्तीपुढे कोण जाईल? पण मला सांगा, हत्ती म्हणजे काय? चार खांब आणि मधे मोकळी वाट. ठकूबाई हत्तीच्या पोटाखालून वाकत म्हणाली, "येते गं," आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पिल्लं गेली. हत्तीला पायात गुदगुल्या झाल्या आणि तो तिथेच बसला. रस्त्यावर गाडी येत होती. तिचं चाक सायीच्या शेपटीपासून बोटभर अंतरावरून गेलं. आणि विरजण उडालं ते थेट गवळणीच्या चरवीत. गवळण कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई, माझ्या दुधात विरजण पडलं." लोक म्हणाले, "मग रडतेस कशाला, सकाळी दही होईल."

सगळे हसले. बकुळी हसली नाही. तिने विरजणाला ओच्यात पुसलं, दार लावून घेतलं आणि दाराशी बसून रडू लागली. हुंदके देऊन रडली. तिची आसवं उंबरठ्यावर पडली, टप टप.

आणि उंबरठा बोलला.

खोटं वाटतं? लाकूडच ते, पण किती वर्षं हळदकुंकू खाल्लेलं. तो म्हणाला, "बाई गं, उंबऱ्यावर बसून रडू नये, एवढंही शिकवलं नाही का कुणी?"

बकुळी दचकून उठली. म्हणाली, "चुकलं. पण माझी पिल्लं पळून जातात हो."

उंबरठा म्हणाला, "पळून जात नाहीत. बोलावल्यावर येतात. या वाड्यातून बाहेर पडताना माणसं काय म्हणतात? सत्तर वर्षं मी इथे आडवा आहे. कुणी एकदा तरी जातो म्हटलंय? जो तो येतो म्हणतो आणि जातो. आणि तू पिल्लांना कोणता शब्द शिकवलास?"

बकुळी म्हणाली, "ये."

"मग त्या लेकरांचं काय चुकलं? दाराशी ये ऐकू आलं की त्यांना वाटतं, दूध दाराशी. आणि हो, दिवेलागणीला मला उघडं ठेवत जा. कोण कधी येईल सांगता येत नाही." एवढं म्हणून उंबरठा गप्प झाला. पुन्हा लाकूड.

बकुळी धावत बापाकडे गेली आणि तिने सगळं सांगितलं. राजाने मांडीवर थाप मारली. झाला तिसरा उपाय. दवंडी पिटली, "उद्यापासून निघताना कुणी येतो म्हणायचं नाही. जातो म्हणायचं."

घ्या. हे ऐकून ठकूबाईच्या हातातून पळीच पडली. पण राजाज्ञा ती राजाज्ञा. सकाळी प्रधानजी घरून निघाले. उंबऱ्यात उभं राहून बायकोला म्हणाले, "जातो गं." आणि गेले कचेरीत. त्यांच्या बायकोने दवंडी काही ऐकली नव्हती. ती मटकन खाली बसली. शेजारीण आली. म्हणाली, "काय झालं?" तर ही म्हणते, "अहो, हे जातो म्हणाले." मग काय विचारता. आळीत रडारड. बाजार बंद. प्रधानजी दुपारी जेवायला घरी आले, तर दारात चार माणसं बांबू घेऊन उभी. त्यांना बघून दोघं पळाली, आणि एक जण म्हणाला, "अहो, तुम्ही कशाला चालत आलात?"

प्रधानजींनी त्याच पावली वाड्यावर जाऊन कपाळ बडवलं. "महाराज, पिल्लं राहोत, आधी मला जिवंत करा."

राजा खाली मान घालून बसला. तेव्हा बकुळी म्हणाली, "बाबा, शब्द चांगलाच आहे हो. फक्त दाराशी नको म्हणायला." आणि ती स्वयंपाकघरात गेली, चुलीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "येते हं."

तिन्ही पिल्लं घसरत चुलीपाशी हजर.

मग नेम ठरला. ज्याला बाहेर जायचं असेल, त्याने आधी स्वयंपाकघरात जायचं. तिथे येतो म्हणायचं. पिल्लं तिकडे धावली की बकुळीने वाटी पुढे करायची. जाणाऱ्याच्या हातावर ठकूबाईने चमचाभर दही ठेवायचं, म्हणजे तोंड भरलेलं राहील आणि दाराशी पुन्हा कुणी बडबडणार नाही. मग गुपचूप बाहेर. कुणी निघालं की आपण हातावर दही ठेवतो ना, ते तेव्हापासून, असं मी म्हणते. बाहेर कुणाला माझं नाव सांगू नका. प्रधानजी तर दिवसातून सात वेळा निघायला लागले.

एकही पिल्लू पुन्हा दाराकडे गेलं नाही. म्हणून दिवेलागणीला बकुळीने पुढचं दार सताड उघडलं. उंबरठ्याला हळदकुंकू लावलं, पणती ठेवली. पिल्लं आत चुलीपाशी लोळत होती. आणि रस्त्यावरून कोण आलं असेल?

कवडी.

एक पाय जरा लंगडत होता. मळून करडी झाली होती. पाय जरा सावरल्यापासून रोज संध्याकाळी ती दारापर्यंत यायची, आणि दार बंद. आज उघडं दिसलं. ती उंबरठा ओलांडून आत आली, चुलीपाशी गेली आणि तिन्ही पिल्लांना चाटायला लागली. बकुळीला रडू आलं. पण ह्या वेळी ती उंबऱ्यावर नाही बसली, बापाच्या मांडीवर जाऊन बसली. राजाने हळूच पगडी काढली आणि कवडीपुढे ठेवली. पुन्हा बोडका.

तेव्हापासून त्या वाड्यात सगळे सुखात होते. आपणही आहोत.

काय गं कुमुद, अजून डोळे टक्क उघडे? अगं, झोप म्हणजे मांजराचं पिल्लूच. मागे धावलीस तर लांब पळेल. गप पडून राहा, आणि मनातल्या मनात म्हण, ये, ये, ये.