अस्वल आणि टिटवीचे पाणी

शके अठराशे ऐंशी, वैशाख वद्य सप्तमी. मृग लागायला अजून चार आठवडे होते. सातपुड्याच्या रानातल्या एका अस्वलाने त्या दिवशी सकाळीच जाहीर करून टाकले, "आता माझं काही खरं नाही."

मुलांनो, या अस्वलाला थंडी फार प्रिय. पौषात सगळे रान कुडकुडत असे. वानरे एकमेकांना बिलगून बसत, रानडुकरे पाचोळ्यात घुसत. हे मात्र डोंगराच्या माथ्यावर, उघड्या कातळावर पाय पसरून झोपे. सकाळी अंगावरचे दव झटकत खाली येई आणि वानराला विचारी, "काय रे, निघाली का रात्र कशीबशी? अंगात रग नाही तुमच्या. थंडी अशी छातीवर घ्यावी लागते." वानराचे दात वाजत असत, त्यामुळे त्याला उत्तर देता येत नसे.

वैशाखात त्याला उत्तर सुचले. सागाचे एकही पान झाडावर राहिले नव्हते. सावली होती ती फक्त खोडांची, आणि खोडाच्या सावलीत अस्वल मावत नाही. डोके आत घेतले तर पाठ उन्हात, पाठ आत घेतली तर डोके उन्हात. त्यातून अंगावर टीचटीचभर लांब काळे केस. अस्वल या झाडाकडून त्या झाडाकडे जात होते आणि दर वेळी आधीचे झाड बरे होते असे म्हणत होते.

वानर फांदीवर बसून हे बघत होता. तो म्हणाला, "अस्वलदादा, ऊनसुद्धा छातीवरच घ्यायचं असतं का हो?"

"तोंड बंद ठेव," अस्वल म्हणाले.

"मी बंदच ठेवलंय. जीभ तुमची बाहेर आलीय."

खालच्या घळीत ओढ्याचा डोह होता. त्याच्या काठाच्या चिखलात एक रानडुक्कर कानापर्यंत बुडून पडले होते. जांभळींची दाट सावली त्याच्यावर होती. ते आपुलकीने म्हणाले, "अरे, ये की इथे. जागा आहे."

"चिखलात लोळणं डुकरांना शोभतं," अस्वल म्हणाले. "मी थंडीतला प्राणी आहे. मला थंडीच पाहिजे."

मग त्याने विचार केला. विचार असा, की पौषात आपल्याला थंडी कुठे भेटली? माथ्यावर, त्या काळ्या कातळावर. तिथे ती इतकी होती की पाय बधिर होत. एवढी सगळी थंडी जाणार कुठे? थोडी तरी तिथे शिल्लक असणारच. हे बाकीच्या कुणाला सुचत नाही, कारण पौषात वर जायची कुणाची छाती नव्हती. त्यांना ती जागाच ठाऊक नाही.

अस्वलाला आपल्या अकलेचे कौतुक वाटले. ते भर दुपारी डोंगर चढू लागले.

"कुठे निघालास या उन्हात?" रानडुकराने खालून ओरडून विचारले.

"थंडीकडे!"

रानडुकराने वानराकडे पाहिले. वानराने डोक्याला हात लावला.

मुलांनो, वैशाखातल्या दुपारी काळ्या कातळावर तुम्ही कधी अनवाणी उभे राहिला नसाल. राहू नका. अस्वल माथ्यावर पोहोचले आणि तापलेल्या तव्यावर पाय पडावा तसा त्याचा पाय पडला. तरी ते मागे फिरले नाही. त्याला वाटले, थंडी जरा पुढे असेल. नेहमीच्या जागी असेल. ते नेहमीच्या जागेपर्यंत गेले. तिथे वाराही गरम होता. अस्वलाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पाय दुमडले आणि ते कातळाच्या कडेला खडीवर आडवे झाले. उठावे असे त्याच्या मनात आले, पण उठणे काही झाले नाही.

त्या खडीत आठ पावलांवर एका टिटवीने चार अंडी घातली होती. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्यावर चार खडे सारखे करते आणि त्यांत अंडी ठेवते. काळा डोंगर आपल्या अंड्यांशेजारी येऊन पडलेला पाहून ती किंचाळत उडाली.

"ऊठ! चालता हो इथून! ऊठ म्हणते ना!"

अस्वल हलले नाही. तिने दोनदा त्याच्या डोक्यावर झेप घेतली. तिसऱ्यांदा जवळून पाहिले तेव्हा तिला त्याची जीभ दिसली. लाकडासारखी कोरडी पडली होती.

टिटवी तिथून उडाली. माथ्याच्या पलीकडच्या उतारावर एका कपारीखाली डबके होते. परातीएवढे, पण सावलीतले. त्यात बसून तिने पोटाची पिसे भिजवली, परत आली आणि अस्वलाच्या नाकावर पिसे झटकली. अशा तिने नऊ खेपा केल्या. दहाव्या खेपेला अस्वलाने एक डोळा उघडला.

"थंडी कुठे गेली?" त्याने विचारले.

"कुठली थंडी?"

"मी पौषात इथे झोपायचो. इथेच होती."

टिटवीने त्याच्याकडे नीट पाहिले. "पौषातली थंडी तू वैशाखात बघायला आलास?"

"हो."

"बरं," टिटवी म्हणाली. "डोक्याला ऊन लागलंय, का आधीपासून असाच आहेस, ते नंतर बघू. चाळीस पावलं चालता येईल का?"

अस्वल चाळीस पावले चालले. त्यातली वीस पोटावर. डबक्यापाशी पोहोचताच त्याने तोंड पाण्यात घातले. मग मान वर करून विचारले, "हे तुझं आहे का?"

"आधी पी."

अस्वल प्यायले. थांबता येईना म्हणून पीत राहिले. तळाचा गाळ जिभेला लागला तेव्हा थांबले. मग त्या ओल्या गाळात त्याने पोट टेकले, आणि उठले तेव्हा डबक्याच्या जागी नुसता अस्वलाचा ठसा राहिला होता.

"मोठं ऋण झालं तुझं," ते म्हणाले. "मी फेडीन."

"आधी जगायला शीक," टिटवी म्हणाली. "ऐक. सूर्य उगवायच्या आधी खाऊन घ्यायचं. ऊन चढलं की घळीत उतरायचं, जांभळीखाली पडायचं आणि संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. अंग भिजवायचं. दुपारी वारुळं उकरायची नाहीत. बोलायचं कमी."

"आणि थंडी?"

"ती आली की तुला कळेल. शोधायला जाऊ नकोस."

ऊन उतरल्यावर अस्वल मुकाट्याने घळीत आले आणि चिखलात बसले. रानडुक्कर जरा सरकले. म्हणाले, "या, या. हे डुकरांना शोभतं म्हणत होतात."

"चुकलो," अस्वल म्हणाले. हा शब्द त्याच्या तोंडून रानात कुणी ऐकला नव्हता, म्हणून रानडुकराने पुढे काही बोलायचे सोडून दिले.

पुढचे दिवस बरे गेले. अस्वल पहाटे टेंभुर्णीची पिकलेली फळे खाई, वाळवी खाई आणि ऊन तापायच्या आत घळीत येई. डोहात बुडी मारली की त्याच्या दाट केसांत इतके पाणी राही की दुपार कलेपर्यंत अंग ओले असे. उन्हाळा त्याला आवडू लागला असे नव्हे. ते रोज एकदा उन्हाळ्याला शिव्या देई. पण सावलीत बसून देई.

पाचव्या दिवशी भर दुपारी वानर पाणी प्यायला उतरला. डोहाच्या दुसऱ्या टोकाला टिटवी पोट भिजवून भुर्रकन उडाली. अस्वल म्हणाले, "ही इथे कशी?"

"आज सकाळपासून बारावी खेप आहे तिची," वानर म्हणाला. "अंड्यांना ऊन लागू नये म्हणून पिसांतून पाणी नेते. पण वर पोहोचेपर्यंत पिसं वाळतात. चार दिवस हेच चाललंय. सकाळ संध्याकाळ निभते. दुपारी मात्र काही खरं नाही."

"पण तिचं वर डबकं आहे ना? कपारीखाली?"

"होतं," वानर म्हणाला.

त्या जागी आता कुणाच्या पोटाचा ठसा आहे ते अस्वलाला आठवले.

वानर पुढे बोलला. "पिल्लं बाहेर यायला अजून तेरा दिवस आहेत म्हणते. तेवढं पुरलं असतं ते डबकं. तिने मोजून ठेवलं होतं. आम्हांला कुणाला तिथे चोच, तोंड लावू देत नव्हती."

अस्वल डोहात उतरले. पाठ बुडवली, पोट बुडवले, मान बुडवली. मग पाण्यातून निघून सरळ डोंगराची वाट धरली.

"अरे, आता कुठे?" रानडुक्कर ओरडले. "मागच्या वेळी मरता मरता वाचलास! ऊन उतरू दे, मग जा!"

"ऊन उतरल्यावर तिला माझा काय उपयोग?" अस्वल म्हणाले आणि थांबले नाही.

या वेळी त्याने काळा कातळ टाळला. झुडपांच्या कडेकडेने, दमाने, तोंड मिटून ते चढले. डोक्यावरचे केस वाळले, कान वाळले. पण पाठीचे आणि पोटाचे दाट केस ओलेच होते. माथ्यावर पोहोचताच टिटवी त्याच्या डोक्यावर तुटून पडली.

"मेल्या! पाणी प्यायलास, आता अंडी खायला आलास होय?"

"अगं बाई, ओरडू नकोस. पाय कुठे ठेवू ते सांग. मला ती अंडी दिसत नाहीत."

टिटवी हवेतच थबकली. अंडी खरेच दिसत नाहीत. खड्यांच्याच रंगाची असतात. या प्राण्याचा एक पाय चुकला की चारही संपली. तिने त्याच्याकडे पाहिले. त्याच्या पोटावरून पाणी ठिबकत होते.

"डावा पुढे घे," ती म्हणाली.

अस्वलाने पाय उचलला.

"तो नव्हे! डावा! डावा उजवा कळत नाही का तुला?"

"पायाखाली चटके बसायला लागले की कळत नाही."

"आता मागचा. हळू. आणखी जरा बाहेर. तिथेच थांब. आता मेलास तरी हलू नकोस."

अस्वल उभे राहिले. चार पाय चार बाजूंना, मध्ये चार अंडी. सूर्य बरोबर डोक्यावर होता, त्यामुळे अंड्यांवर अस्वलाची सावली पडली. केसांतून थेंब गळत होते. टिटवी त्याच्या पोटाखाली शिरली, थेंबांखाली उभी राहून तिने आपली पिसे भिजवली आणि अंड्यांवर बसली.

बऱ्याच वेळाने अस्वल म्हणाले, "ऊन कललं का?"

"नाही."

थोड्या वेळाने, "आता?"

"बोलायचं कमी," टिटवी म्हणाली.

सूर्य कलला तशी सावली सरकली. टिटवीने सांगितले तसे अस्वल बोटभर बोटभर सरकले. ऊन उतरले तेव्हा तिने त्याला एकेक पाय उचलायला लावून बाहेर काढले. अस्वल घळीत गेले, डोहात पडले आणि अंधार पडेपर्यंत त्याने डोके वर काढले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा वर गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. चौथ्या दिवशी वानर मजा बघायला डोंगर चढून आला, पण कातळाच्या कडेला त्याचे तळवे भाजले आणि तो नाचत नाचत परत गेला. अस्वलाला हसू आले. टिटवी खालून ओरडली, "हसू नकोस! पोट हलतंय!" अस्वलाने हसू गिळले. रोज डोहात बुडायचे, रोज चढायचे, रोज चार पायांवर उभे राहायचे. थंडीत अंगावर दव घेऊन झोपणारा तो प्राणी वैशाखाच्या आणि मग ज्येष्ठाच्या उन्हात रानातल्या सगळ्यांत तापलेल्या जागी उभा राहिला. आवडत नव्हते, तरी उभा राहिला. खाडा एकही केला नाही.

तेराव्या दुपारी त्याला पोटाखाली बारीक आवाज आला. त्याने श्वास रोखला. खाली बघता येत नव्हते. मग काही तरी मऊ त्याच्या मागच्या पायाला घासून गेले.

"हलू नकोस," टिटवी म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही.

ऊन कलले. पिल्ले वाळली, उभी राहिली आणि अस्वलाच्या पायांमधून झुडपाच्या सावलीकडे पळाली. टिटवीने ती मोजली. चार होती.

अस्वलाने एक पाय उचलला, खाली नीट पाहिले, मग दुसरा उचलला. टिटवीने त्याच्याकडे पाहून एकदा मान हलवली. ऋण फिटले.

तात्पर्य : नको असलेला ऋतू टळत नाही, तो कसा काढावा हे जाणत्याला विचारावे, आणि ज्याच्या वाट्याचे घेऊन आपण तरलो त्याच्यासाठी उन्हात उभे राहावे.